जुनवानीच्या वह्या

राजनांदगाव मागे पडलं. डब्यातली मराठी त्याआधीच संपली होती. नागपूरला चढलेलं कुटुंब गोंदियालाच उतरलं होतं. आता समोरच्या बाकावरच्या आजी छत्तीसगढीत मला काहीतरी विचारत होत्या आणि मी नुसती मान हलवत होते. बाहेर कापणी झालेली धानाची शेतं, मधूनच एखादं तळं, त्याच्या काठावर दगडावर धुणं आपटणाऱ्या बाया. जानेवारीचं ऊन मऊ होतं.

मिरजेच्या शाळेत मी आयुष्यभर मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर हौसेखातर लेखन कार्यशाळा घेते. भिलाईतल्या काही मराठी मंडळींनी पत्र पाठवून बोलावलं: दोन दिवस कार्यशाळा, दुसऱ्या संध्याकाळी सगळ्यांनी आपलं लिहिलेलं वाचायचं. इतक्या लांब कोण मराठी लिहितं, हे पाहायची मला उत्सुकता होती.

दुर्गला उतरून मी सामायिक रिक्षात बसले आणि पहिली चूक केली. ‘सेक्टर दहा’ म्हणायच्या ऐवजी नुसतं ‘सेक्टर’ सांगितलं. रिक्षावाल्याने मला सुपेल्याच्या चौकात उतरवलं आणि तो पुढे निघून गेला. वेल्डिंगची दुकानं, हातगाड्या, सगळ्या बाजूंनी हॉर्न. एका गाडीवर एक बाई चिला (तांदळाच्या पिठाचं पातळ धिरडं) काढत होती. तिने मला स्टूल दिलं, टोमॅटोच्या झणझणीत चटणीबरोबर दोन चिले खाऊ घातले आणि माझ्या मोडक्या हिंदीला हसत हसत उत्तरं दिली. फोन केल्यावर स्कूटरवरून लांजेवारकाका आले. रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले, कार्यशाळेची सगळी खटपट त्यांची.

“मॅडम, तुमी सुपेल्याले कावून उतरल्या? मी तिकडे वाट पाहून राहिलो ना!”

रेल्वेलाइन ओलांडून टाउनशिपमध्ये शिरलो तसा गोंगाट थांबला. रुंद रस्ते, जुनी झाडं, एकसारखे क्वार्टर्स, अंगणात वाळत घातलेल्या वड्या. सेक्टर दहामधल्या एका छोट्या हॉलात सतरंजी अंथरलेली होती. पंधराएक माणसं जमली होती, बहुतेक भंडारा आणि गोंदियाकडची. कुणाचे वडील पोलाद कारखान्यात लागले म्हणून इथे आलेले, कुणी स्वतः नोकरी करून निवृत्त झालेले. सर्वांत लहान होती अंकिता. एका दवाखान्यात नोकरी करणारी, पंचविशीतली मुलगी.

“घरी बोलतो आमी मराठी,” ती म्हणाली, “लेकिन लिखने का काम कभी पड़ा ही नहीं, मॅम.”

मी सगळ्यांना सांगितलं, काहीही लिहा, घरी काही लिहिलेलं असेल तर तेही आणा. जेवणाच्या सुट्टीत बरेच जण घरी जाऊन आले. शीलाबाई रामटेके नावाच्या साठीच्या बाईंनी पिशवीतून एक शंभर पानी वही काढून माझ्यापुढे ठेवली. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. आतापर्यंत भिंतीला टेकून बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नव्हत्या.

“हे चालेल का, बाई?” त्यांनी विचारलं.

“का नाही चालणार?” मी म्हणाले आणि वही इतर कागदांच्या गठ्ठ्यात ठेवली.

संध्याकाळी मुक्कामाच्या खोलीत मी तो गठ्ठा तपासायला घेतला. शीलाबाईंच्या वहीत छोटे छोटे परिच्छेद होते. एक मला अजून जसाच्या तसा आठवतो: ‘चहा ठेवला हाय. साखर कमी टाकली, रागावू नका. दूधवाला आला नाही. मले रातभर झोप नाही लागली. तुमी घोरून राहिले होते. मले बरं वाटलं.’ संवादकथा आहे, फक्त दुसऱ्या पात्राची वाक्यं लिहायची राहिली आहेत, असं मला वाटलं. हातात लाल पेन होतं. ‘मले’चं ‘मला’ केलं, ‘हाय’चं ‘आहे’, ‘घोरून राहिले होते’ खोडून वर ‘घोरत होता’. अशी चारपाच पानं केली आणि खाली शेरा दिला: आशय चांगला. शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी वही परत दिली. शीलाबाईंनी ती उघडली, एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं आणि मिटून पिशवीत ठेवली. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. पण चहाच्या वेळी त्यांची जागा रिकामी होती.

“गेल्या त्या,” लांजेवारकाका म्हणाले. मग जरा घुटमळून त्यांनी विचारलं, “मॅडम, तुमी त्या वहीत लाल पेन चालवला का?”

“तपासली. सगळ्यांचंच तपासलं.”

“ते तिच्या घरची वही व्हय. देवाजीले, तिच्या नवऱ्याले, ऐकू नाही येत. रिटायर झाल्यावर तापात कान गेले त्याचे. मशीन लावून पाहिली, नुसती खरखर येते म्हणते. आठ वर्षं झाली, ती लिहिते अन् तो वाचते. घरातलं सारं बोलणं त्या वह्यांमधीच हाय.”

मी हातातला कप खाली ठेवला. नवरा-बायकोच्या बोलण्यात घुसून मी बायकोला दटावलं होतं, की तू नीट बोलत नाहीस.

कार्यशाळेचं पुढचं सत्र मी काकांवर सोपवलं आणि अंकिताच्या स्कूटीवर मागे बसून जुनवानीला निघाले. निवृत्तीनंतर रामटेक्यांनी तिकडे घर बांधलं होतं. पुन्हा सुपेल्याची गर्दी लागली, मग नवी घरं, मोकळे प्लॉट.

दार देवाजींनीच उघडलं. उंच, काटक माणूस, अंगात हाफ स्वेटर. मागे फळीवर बुद्धाची मूर्ती आणि तिच्याखाली वह्यांची चळत. “जयभीम, या,” ते मोठ्याने म्हणाले. आपला आवाज किती मोठा आहे, हे त्यांना कळत नव्हतं. “तुमीच का शिकवणाऱ्या बाई? काय सांगितलं तिले? आली तवापासून घरात एक गोष्ट नाही बोलून राहिली.”

शीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. ओट्याच्या कडेला नवी वही उघडी होती, त्यावर पेन. पान कोरं होतं.

“लिहायले बसली होती, बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “पण चुकन असं वाटते. काय लिहावं, कसं लिहावं, काहीच सुचत नाही.”

अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत मुलांनी मला घाबरून लिहिणं सोडलं असेल का, हा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. मी त्यांची माफी मागितली. त्या “जाऊ द्या” म्हणाल्या, पण पेनाला हात लावेनात. तेव्हा मी वही उचलली आणि देवाजींसाठी लिहिलं: मी यांच्या वहीत दुरुस्त्या केल्या. ती माझी चूक होती. यांनी लिहिलेलं बरोबर होतं.

देवाजींनी चष्मा लावून ते वाचलं. मग शीलाबाईंच्या पिशवीतून जुनी वही काढून लाल खुणांवरून बोट फिरवलं. मी मान खाली घातली.

“तुमचं बी बरोबरच असन, मॅडम,” ते म्हणाले. “शाळेतलं तसंच असते. पण मी हे वाचतो ना, तवा तिचा आवाज येते मले. कानात नाही, इथं.” त्यांनी छातीवर हात ठेवला. “हे ‘घोरत होता’ वाचलं. हे कोण बोलून राहिलं, समजलंच नाही.”

अंकिता खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मग शीलाबाई पुढे आल्या, माझ्या हातातून वही घेतली आणि भराभर काही लिहून नवऱ्यापुढे धरली. मला तिरक्या नजरेने वाचता आलं: ‘बाईले अन् पोरीले जेवाले बसवू का? तिवऱ्याची भाजी हाय.’

“बसव ना!” देवाजी गरजले. “विचारते कावून?”

आम्ही हसलो. शीलाबाईही हसल्या. तिवऱ्याची भाजी म्हणजे भंडाऱ्याकडच्या लाखोळी या कडधान्याचा कोवळा पाला, लसूण-मिरचीवर परतलेला. गरम भाताबरोबर मी तीन वेळा वाढून घेतली. जेवताना देवाजींनी कारखान्याच्या रोलिंग मिलमधल्या, आपल्या नोकरीतल्या गोष्टी सांगितल्या. क्रेन चालवताना खालच्या माणसाशी नुसत्या हाताच्या खुणांनी कसं बोलायचं, ते ताटावरूनच करून दाखवलं.

संध्याकाळी दोघंही सेक्टर दहाला आले. शीलाबाईंची पाळी आली तेव्हा त्यांनी वहीतली दोन पानं वाचली. आधी आवाज कापत होता. दूधवाल्याशी झालेलं भांडण आलं तेव्हा लोक खो खो हसले आणि मग त्या धीटपणे वाचू लागल्या. देवाजी पहिल्या रांगेत होते. ती पानं त्यांनी दुपारी घरी बसून स्वतःच्या हाताने कागदावर उतरवून आणली होती. बायकोच्या ओठांकडे पाहत ते ओळीवरून बोट पुढे सरकवत होते. लोक हसले की दचकून वर बघायचे, ओळ शोधायचे आणि मग सगळ्यांच्या मागून एकटेच हसायचे. त्यांच्या त्या हसण्यावर हॉल पुन्हा हसायचा.

अंकितानेही चार ओळी वाचल्या. अर्ध्या हिंदीत होत्या. मी लाल पेन पर्समधून काढलंच नाही.

परतीच्या गाडीत खालचा बर्थ मिळाला. कार्यशाळेबद्दल चार शब्द लिहावेत म्हणून मी वही काढली, पण मनात आली माझी आई. खानापूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात ती जे बोलायची, ते मी शिक्षिका झाल्यावर जिभेवरून पुसून टाकलं होतं. शाळेच्या संमेलनाला ती आली की चारचौघांत फार बोलू नये, असं मला वाटायचं. तिला ते कळलं असावं, कारण पुढे पुढे ती तिथे फक्त हसायची.

तिला जाऊन आता वीस वर्षं झाली. मी तिचं बोलणं लिहायला घेतलं, अगदी ती बोलायची तसं. ‘आलीस व्हय? हातपाय धू. भाकरी गरम हाय तवर खाऊन घे. येवडी का वाळलीस गं?’

गोंदिया गेलं, तुमसर गेलं, भंडारा रोड गेलं. मी पेन धरून बसले होते. चारच वाक्यं आठवली. आई तर दिवसभर बोलायची.