रुमालाखालची बोटं

उमरग्याच्या धान्याच्या आडतीवर एक दलाल होते; मी त्यांना काका म्हणे. तोंडानं पावसापाण्याचं बोलत आणि रुमालाखाली समोरच्याची बोटं दाबून ज्वारीचा भाव ठरवत. चेहऱ्यावरची रेषही हलत नसे. मी थक्क होऊन बघत राही.

बी.ए. झाल्यावर मी त्यांना विचारलं, "काका, अर्थशास्त्राच्या एम.ए.ला पुण्याला जाऊ का हैदराबादला? पुढं बाजारभावावर पीएच.डी. करायचीय."

त्यांनी माझीच बोटं रुमालाखाली दाबली. "कळलं?"

"न्हाय."

"मग हे शिकावं असं ज्या मास्तरला वाटंल, त्याच्याकडं जा."

मी दोन्हीकडच्या प्राध्यापकांना या बोटांविषयी लिहिलं. पुण्याहून काही आलं नाही; हैदराबादहून उर्दूत एकच ओळ आली : "मला हे येत नाही; तुम्ही शिकवाल?"

ती मराठीत करून काकांना वाचून दाखवली. काका पावसाचंच बोलत राहिले. रुमालाखाली मात्र माझी बोटं दाबली. सौदा पक्का झाल्याचं मला या वेळी न विचारता कळलं.