सॉरी कशाला?

शहापूरच्या बाजारात इंग्लिश स्पीकिंगवाले सर दिसले, की आजही माझं डोकं फिरतं.

त्यांचा क्लास पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत होता. खाली गिरणी घरघरायला लागली, की सर मुद्दाम आम्हाला भाषणाला उभे करायचे. मागच्या बाकापर्यंत आवाज पोचला नाही, तर परत पहिल्यापासून. कुणी 'सॉरी, माय इंग्लिश इज वीक' म्हणालं, की खडू फेकून मारायचे. "सॉरी कशाला? कोनाची कोंबडी चोरलीस काय?" पाहुण्यांची नावं घेत बसायचं नाय, थेट मुद्द्यावर यायचं, हा त्यांचा दुसरा नेम.

क्लासच्या गॅदरिंगला सिद्धगडाच्या पायथ्याची एक मुलगी तशीच थेट बोलायला लागली. "इन माय व्हिलेज टॅप इज देअर, वॉटर इज नॉट." सरांना हॉल फुकट देणारा पुढारी पहिल्या खुर्चीत बसला होता. त्याच्या कपाळाला आठी पडली. सर धावत स्टेजवर गेले, तिच्या हातातला माईक काढून घेतला आणि हात जोडले.

"सॉरी साहेब, पोरगी नवीन हाय. मान्यवरांची नावं घ्यायची राहिली."

मग माईक परत देऊन तिलाच दटावलं, "घे नावं."

तिने सगळ्यांची नावं घेतली, इंग्रजीत, कुठेही न अडखळता. टाळ्या कडाडल्या. पाण्याचं कुणी काही विचारलं नाही.

खाली उतरताना ती सरांसमोर थांबली.

"सर, कोंबडी कोनाची चोरलेली?"

सर साहेबांचा चहा बघायला निघून गेले.