नाकातोचा वाटा

माझ्या बहिणीचं, बाबिर्येचं, तोंड फार वाईट होतं. मसाक्याच्या टॅक्सी थांब्यावर तिचं जेवणाचं खोपटं होतं. केळीच्या पानात वाफवलेलं मातोके, म्हणजे कच्च्या केळ्यांचा लगदा, आणि वर शेंगदाण्याची आमटी, एवढंच तिच्याकडे मिळायचं. एखादा ड्रायव्हर खिसे चाचपायला लागला की ती म्हणायची, "पैसे घरी विसरलास आणि भूक बरोबर आणलीस होय रे?" आणि त्यालाच चमचाभर जास्त वाढायची. वीस वर्षं तिनं तिथं अशीच काढली. लग्न एकदा केलं, नवऱ्याला एकदाच हाकललं, मूल झालं नाही.

नाकातो तिची जुळी, तिच्या मागोमाग जन्मलेली. मी किझा. आमच्याकडे जुळ्यांच्या पाठीवर जे होतं त्याचं नाव हेच, आईबापांना डोकं चालवावं लागत नाही. आईला सगळं गाव नालोंगो म्हणतं, म्हणजे जुळ्यांची आई. आणि आईनं ते नाव जन्मभर नोकरीसारखं सांभाळलं. बाबिर्येला फ्रॉक तर नाकातोला फ्रॉक. बाबिर्येला ताप आला तर तिच्या गोळीबरोबर नाकातोच्या हातावरही साखर. जुळ्यांत एकीला डावललं की घरावर काहीतरी ओढवतं, हे आम्ही आईच्या दुधाबरोबरच प्यायलो. मला काय मिळायचं? उरलंसुरलं. पण ते जाऊ दे.

बाबिर्येला गर्भाशयाचा कॅन्सर निघाला तेव्हा उशीर झाला होता. कंपालाच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाला, "घरी घेऊन जा." पुढं काय करायचं, ते त्यानं सांगितलं नाही. नाकातो तिकडं कंपालाला शाळेच्या वसतिगृहात स्वयंपाक करते, तिला रजा नाही. आई ऐंशीची. म्हणजे ठरवायचं मी. शिवणाचं मशीन झाकून मी हिंडायला लागले.

पहिल्यांदा प्रार्थनाघर पाहिलं. पास्टर हसतमुख, आवारात चटयांवर माणसं पडलेली. "बरी होईल," तो म्हणाला. "फक्त इथं आल्यावर औषध नाही घ्यायचं. देवावर विश्वास ठेवायचा तर पूर्ण ठेवायचा." बरी होईल हा शब्द इतक्या महिन्यांत कुणी उच्चारला नव्हता. माझे पाय तिथंच अडकले होते, खोटं कशाला बोलू?

दुसरे हॉस्पिसवाले, शेवटाला आलेल्या आजाऱ्यांना घरी येऊन बघणारे. त्यांची नर्स केमिगिशा, देशाच्या पश्चिम टोकाची, घरी आली आणि सरळ चटईवर बसली. माझ्याशी नाही, बाबिर्येशी बोलली. "कुठं दुखतं?"

"कुठं दुखत नाही ते विचार, लवकर सांगून होईल," बाबिर्ये म्हणाली.

केमिगिशा हसली. मग बाहेर फणसाखाली मला म्हणाली, "ताई, बरी मी करणार नाही. पण हिचं दुखणं मी उतरवीन. आठ दिवसांत झोपायला लागेल."

मी आत जाऊन बाबिर्येलाच विचारलं. ती म्हणाली, "किझा, मला जगायचं वगैरे राहू दे. हे दुखणं थांबव. कुणीही थांबवू दे, सैतान थांबवत असेल तर त्याला बोलाव."

म्हणून मी हॉस्पिस निवडलं. नाकातो फोनवर रडली. "तू तिला जगवायचा प्रयत्नच सोडलास." मी म्हटलं, "तू ये आणि तिच्या शेजारी एक दिवस बस, मग बोल." तिनं फोन आपटला.

मॉर्फिनचं पाणी पाण्याच्याच बाटलीत आलं, हिरवट रंगाचं. चार चार तासांनी तोंडात द्यायचं, सिरिंजवर रेघ मारून दिलेली. ते काम आईनं घेतलं. कुणाला हात लावू देईना. "मी जन्म दिलाय, मी देईन." घड्याळ उशाशी ठेवून ती बसायची, एक वेळ चुकवली नाही.

आठ दिवस झाले. बाबिर्ये झोपली नाही.

केमिगिशानं बाटली बघितली, बरोबर संपली होती. तिनं औषध दुप्पट केलं. दोन दिवस जरा बरे गेले, मग पुन्हा तेच. ती भिंतीला नखं लावायची. ज्या बाईच्या शिव्या अर्ध्या टॅक्सी थांब्याला ऐकू जायच्या, तिच्या तोंडून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज यायचा. मी शिवणयंत्र जोरात चालवायचे, तो आवाज ऐकू येऊ नये म्हणून. लाज वाटते सांगायला, पण चालवायचे. केमिगिशा कपाळ चोळत म्हणाली, "असं व्हायला नको. पुन्हा वाढवावं लागेल."

मी तिला तोडून बोलले. "वाढव, वाढव. बाटलीत रंग तेवढा आहे तुमच्या, गुण नाही." मी तीन आठवडे बहिणीला होरपळू दिलं होतं, तेही माझ्या निवडीनं. त्याच दिवशी मी पास्टरला फोन केला आणि गाडी ठरवली. नाकातोलाही कळवलं, तुझंच खरं, ये.

शनिवारी सकाळी गाडी दारात आली. नाकातोही आली, वसतिगृहाचा एप्रन पिशवीत तसाच. बहिणीला बघून ती दारातच बसली. आम्ही बाबिर्येला चादरीत घेऊन उचलणार, तेवढ्यात आई म्हणाली, "थांबा. नाकातो आली आहे तर तिचं तिला देऊ दे."

आईनं पलंगाखालून एक जेरीकॅन ओढला. छोटा, तेलाचा, धुऊन पुसून ठेवलेला. वर स्वच्छ फडकं बांधलेलं. तो तिनं नाकातोच्या मांडीवर ठेवला.

"हे काय आई?"

"तुझा वाटा. प्रत्येक वेळी निम्मं काढून ठेवलंय. एकदासुद्धा चुकले नाही."

नाकातोनं झाकण काढलं. हिरवट पाणी.

गाडीवाल्यानं हॉर्न दिला. मला आईवर ओरडायचं होतं आणि तोंड उघडेना, कारण ती जे करत होती ते मी लहानपणापासून रोज बघितलं होतं. साखर बघितली होती, फ्रॉक बघितले होते. मलाच कसं सुचलं नाही? केमिगिशाला कुठून सुचणार, ती परक्या मुलखातली. मला सुचायला हवं होतं.

मी गाडी परत पाठवली आणि केमिगिशाला फोन लावला. ती तासाभरात आली, जेरीकॅन बघून खाली बसली. मग म्हणाली, "आता रेघेपर्यंत पूर्ण द्या. मी इथंच थांबते."

आई सिरिंज सोडेना. "आणि हिचं? हिला उपाशी ठेवून तिला देऊ? दोघी जातील माझ्या."

तेव्हा नाकातो उठली, आईसमोर गुडघे टेकले, लहानपणी टेकायची तसे. "आई, माझा वाटा मला मिळाला. माझ्या हातात आला. आता तो मी माझ्या हातानं तिला देते. चालेल ना?"

आईनं सिरिंज नाकातोच्या हातात दिली.

दुपारी बाबिर्ये झोपली. घोरत होती. आम्ही तिघी आणि नर्स तिचं घोरणं ऐकत बसलो. उठली तेव्हा मातोके मागितलं, एक घास खाल्ला आणि म्हणाली, "हे कुणी केलं? किझानंच. नुसता चिखल झालाय." मी इतकी रडले की मला शेंबूड पुसायला कापड पुरेना.

असे अकरा दिवस मिळाले. तीन आठवड्यांच्या मोबदल्यात अकरा दिवस. त्यातल्या एका सकाळी, आई अंगणात असताना, मी बहिणीचे पाय चोळत म्हटलं, "बाबिर्ये, मला माफ कर. मला कळलंच नाही आई काय करते ते."

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "माझ्या उशाशीच तर ओतायची."

माझे हात थांबले. "मग बोलली का नाहीस? मेली असतीस ना दुखून."

"नाकातोचा वाटा मी मागायचा?" तिनं डोळे मिटले. "काहीतरीच बोलतेस. चोळ, थांबू नकोस."