दिवेलागणीनंतरचा पासवर्ड

उचगावात आमच्या गल्लीत मालुबाईंना सगळे मालुआक्का म्हणतात. त्यांच्या विरजणाला मात्र कोणी विरजण म्हणत नाही, नुसतं ‘आक्काचं’ म्हणतात. “आज आक्काचं आणलंय” असं कुणी म्हटलं, की दही सुरीनं कापावं लागणार हे ठरलेलं. गल्लीत नवी सून आली की तिला आधी आक्काचं दार दाखवतात, मग देवळाचं. वाटी पुढं केली आणि आक्का “न्हाय” म्हणाली, असं आजवर घडलेलं नाही. विरजण नाकारणाऱ्याच्या घरात म्हैस आटते, असं त्यांचं पक्कं मत.

नियम एकच. दिवे लागले की दूध, दही, विरजण, काही घराबाहेर जायचं नाही. तेव्हा दारात खुद्द सरपंच वाटी घेऊन उभा राहिला तरी रिकामा परत जाईल.

अशा या घरात मोडेम आला.

मोडेम आला तो सुनेसाठी. रचना बी.कॉम. झालेली, हुशार. घरी बसून कॉम्प्युटरवर हिशेब तपासायचं काम एका दूरदेशीच्या कंपनीत मिळण्यासारखं होतं. साईराज, म्हणजे आक्काचा मुलगा, उद्यमबागेतल्या कारखान्यांत एका फाउंड्रीत कामाला. त्यानं आईला सरळ सांगितलेलं, “आई, हिला हे काम गावलं तर बरं. न्हायतर आम्ही दोघं पुण्याला जाऊ. तिथं तिच्या भावानं दोघांचं काम बघून ठेवलंय.” दुसऱ्या दिवशी मोडेमसाठी कोनाड्यातला गणपती आक्कानं स्वतःच्या हातानं एक कोनाडा खाली घेतला. आम्ही गल्लीकर थक्क! त्या गणपतीला पोरांच्या क्रिकेटचा चेंडू लागला होता, तेव्हा तिनं तीन पिढ्यांचा उद्धार केला होता.

मोडेमचा डबा बसवायला आदर्श आला. पोरगा आमच्याच गावचा, नेटच्या कंपनीत कामाला. आक्का त्याच्यासमोर पाटावर बसली. तिला समजून घेतल्याशिवाय घरात काही ठेवायचं नव्हतं.

“ही वायर म्हंजे केसाएवढी काच,” आदर्श सांगू लागला. “हिच्यातनं उजेड पळत येतो. तुमच्या फोनला उजेडाची भाषा कळत न्हाय. हा मोडेम ती फोनला समजल अशी करून सांगतो.”

“आमच्या साईराजागत. कारखान्यात सायब कन्नडात बोलतो, हा घरी येऊन मला मराठीत सांगतो.”

“अगदी तसंच. आणि ह्याच डब्यात राऊटर पण हाय. तो पंगतीतला वाढपी. कुणाच्या पानात काय वाढायचं ते त्याला ठावं.”

“एवढी मोठी पंगत, त्याला पानं कशी कळत्यात?”

“परत्येक फोनला नंबर असतो, आयपी अॅड्रेस. घराला असतो तसा.”

“आणि पासवर्ड?”

“तो असला की कुणीबी आत येतंय. तो कुणाला देऊ नका.”

हे शेवटचं वाक्य बोलताना आदर्शचा आवाज म्हशीच्या हंबरण्यात बुडाला, असं आक्का आजही सांगते. पासवर्डही त्या म्हशीच्याच नावाचा होता, पुढं साईराजच्या लग्नाचं साल.

दुसऱ्याच दिवशी शेजारची अक्काताई आली. वाटीऐवजी हातात फोन. “आक्का, नातवाचा अभ्यास खोळंबलाय गं, जरा तुमचं नेट…” आक्कानं क्षणभर विचार केला. विरजण दिलं तरी आपलं गाडगं रिकामं होत नाही. पासवर्ड म्हणजे नुसता शब्द, दिला तर तो तरी कुठं कमी होतो? दिला. मग समोरचे मारुतीराव आले, मग त्यांचे पाहुणे. मग मीही गेलो. लेखकाला नेट लागतंच. गल्लीभर म्हशीचं नाव इतक्या वेळा घेतलं जाऊ लागलं की ती बिचारी गोठ्यातून कान टवकारून बघायची.

आणि मुलाखतीचा दिवस उजाडला. दुपारची वेळ. रचना नवी साडी नेसून लॅपटॉपसमोर. आक्का दाराआड, पदराचं टोक दातात. पडद्यावर दोन साहेब हसले, रचनाही हसली. तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं! चित्र गोठलं. मग तुटका आवाज, मग गोल गोल फिरणारं चाक. शेवटी मेसेज आला, नेट नीट नसेल तर हे काम जमणार नाही. संध्याकाळी एकदाच परत बघू.

रचनानं लॅपटॉप मिटला. ती सासूला नुसती म्हणाली, “आत्या, पुण्याची बॅग भरते.”

मी ओट्यावर नेट वापरत बसलो होतो; आक्काला असा धक्का बसलेला मी कधी पाहिला नव्हता. ती भिंतीला टेकून खालीच बसली.

आदर्शला बोलावलं. त्यानं फोनवर काहीतरी उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. “आक्का! तुमच्या राऊटरवर आख्खी गल्ली बसलीय! मारुतीरावांचा टीव्हीसुद्धा!”

“मग काय झालं? दिल्यानं विरजण सरतंय व्हय?”

“हे विरजण न्हाय, आक्का. हे नळाचं पाणी. पाइप एकच. पंचायतीचं पाणी सुटल्यावर सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या तर शेवटच्या घरात काय येतंय?”

आक्का उठून उभी राहिली. नळाच्या मोटारींवरून तिनं आयुष्यात जितकी भांडणं केली होती, ती सगळी एकदम डोळ्यांत आली. “म्हंजे माझ्या नळाला गल्लीनं मोटारी लावल्यात?”

“तुम्हीच लावून दिल्यात. पासवर्ड बदलतो आता.”

“थांब.” आक्कानं त्याचा हात धरला. “दिल्यालं काढून घिऊ? उद्या कुठल्या तोंडानं दारात उभारू?”

मी हळूच माझ्या फोनचं नेट बंद केलं. एकीकडं सून चाललीय, दुसरीकडं जन्मभराचा शब्द. बाहेर ऊन उतरलं. आक्कानं देवापुढं दिवा लावला, तेवढ्यात दारातून शेजारच्या अक्काताईची हाक आली. “आक्का, जावयाचा भाऊ आलाय, त्याला तेवढा पासवर्ड…”

“दिवेलागणीला?” आक्का कडाडली. “दिवा लागल्यावर कुणी काय मागतंय का गं? रीतभात न्हाय?”

अक्काताईनं जीभ चावली. “व्हय की! चुकलं बाई माझं,” म्हणत ती उलट्या पावली गेली.

आदर्श ताडकन उठला. “आक्का, गल्लीसाठी वेगळं नेटवर्क करून देतो, त्याला गेस्ट म्हणत्यात. दिवे लागले की आपोआप बंद, सकाळी परत सुरू. घरचं वेगळं, त्याचा पासवर्ड फकस्त रचनावहिनीला.”

“सकाळी मागंल त्याला मिळंल?”

“मिळंल. पण मोजून. घरच्याच्या आड येणार न्हाय.”

आक्कानं मान हलवली. आदर्शची बोटं फिरली, आणि गल्ली अंधारात बुडाल्यासारखी ओरडली. क्रिकेटची मॅच रंगात होती! मारुतीराव बनियनवर धावत आले, मागं पोरं. आक्का उंबऱ्यावर उभी. म्हणाली एवढंच, “दिवं लागल्यात.”

मारुतीराव मागच्या पोराच्या डोक्यात हलकी टपली मारून म्हणाले, “चला रं, कळत न्हाय व्हय तुमास्नी?” सगळे परत गेले. मला वाटलं होतं मारामारी होईल!

आत मुलाखत परत सुरू झालेली, आणि रचना बोलत होती, वाहत्या पाण्यासारखी. शेवटी साहेबानं विचारलं, “तुमच्याकडं नेटचा भरवसा आहे ना? दुपारी फार त्रास झाला.”

रचना म्हणाली, “सर, दिवे लागल्यानंतर काही अडचण नसते. इथला नियमच आहे.”

साहेबाला तो नियम काय कळला देव जाणे. पण त्याचा चेहरा खुलला. त्यांच्या देशात तेव्हा कामाचा दिवस ऐन भरात असायचा, आणि त्यांना संध्याकाळच्याच पाळीला माणूस मिळत नव्हतं!

आता रोज दिवेलागणीला आक्का देवापुढं निरांजन लावते आणि रचना लॅपटॉप उघडते. पुण्याच्या बॅगेत आक्कानं कांदे भरून ठेवलेत.