तिसऱ्या दिवसाचं पीठ

"तोंडाचं सोडा, काठवटीचं सांगा," असं म्हणत ते सरकारी पाहणीवाले गृहस्थ चुलीपासून दोन हातांवर मांडी घालून बसायचे आणि पिशवीतून पितळी तराजू काढायचे. बाईने भाकरीचं पीठ काठवटीत ओतायच्या आत ते त्यांच्या पारड्यात गेलेलं असायचं. किती खाता असं माणसाला विचारलं तर तो लाजून कमी सांगतो नाहीतर फुशारकीने जास्त सांगतो, म्हणून पीठच मोजावं, असं त्यांचं म्हणणं. पीठ, डाळ, तेल, गूळ, सगळं मोजून झालं की एका छापील कोष्टकावरून ते एकेका जिनसाचे उष्मांक काढत, त्यांची बेरीज करत आणि ती घरातल्या खाणाऱ्यांवर वाटत. कष्टकरी पुरुषाचा वाटा पुरा, बाईचा थोडा कमी, पोरांचा त्याहून कमी. घरच्या जेवणातून माणसाला पुरेसं बळ मिळतं का, हे म्हणे सरकारला जाणून घ्यायचं होतं.

आता तुम्हीच सांगा. बेचाळीसच्या चळवळीनंतरचे ते दिवस. लढाई चालू, लेव्हीच्या नावाखाली सरकार शेतकऱ्याच्या घरातलं धान्य उचलतंय, आणि त्याच सरकारचा माणूस येऊन म्हणतो, तुम्ही पोटभर जेवता का ते बघायचंय. कोण विश्वास ठेवील?

मी तेव्हा पलूसजवळच्या एका गावात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. या गृहस्थांबरोबर घरोघर फिरावं, अशी मला वरून चिठ्ठी आली. गावाने त्यांचं नाव क्यालरीसायेब ठेवलं आणि 'क्यालरी म्हंजी लेव्हीचीच धाकटी भन' असा निकाल पारावर देऊन टाकला. दोन दिवसांत निम्म्या गावाची जोंधळ्याची पोती पाहुण्यांच्या गावी रवाना झाली.

माझा संशय वेगळा होता. त्या वर्षी आमच्या गावात एक भूमिगत माणूस लपलेला होता. कोणत्या घरात, हे मला ठाऊक होतं. खरं तर सगळ्याच गावाला ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तो सापडला असता तर त्याला जन्मभराचा तुरुंग होता आणि त्या घराचीही धूळधाण झाली असती. अशा गावात एक परका माणूस येतो, थेट चुलीपर्यंत जातो आणि घरात खाणारी माणसं किती ते विचारतो. हा पोलिसांचा माणूस नाही तर कोण, असं मला पहिल्या दिवशीच वाटलं.

त्यांच्या वागण्याने संशय वाढतच गेला. ते कोणाच्याही घरी घासभर खात नसत. बायका आग्रह करकरून थकत. "मी खाल्लं की तेवढी वजाबाकी आली," असं सांगून ते हात जोडत आणि मग देवळामागे बसून खिशातले शेंगदाणे आणि गूळ खात. अंगाने इतके हडकुळे, की दुसऱ्याचे उष्मांक मोजणाऱ्या या माणसाचे कोणी मोजलेच नसावेत. गावाने मात्र एवढंच धरलं, की आपल्या घरचं मीठ खायला नको म्हणून हा जेवत नाही.

एकदा ते नदीवर आंघोळीला गेले असताना मी त्यांची पिशवी उघडून पाहिली. सांगायला आजही लाज वाटते. आत साताऱ्याहून आलेली पोस्टकार्डं होती. त्यांची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, आणि ती दिवसभरात काय जेवली एवढंच बायको कळवत होती. 'सकाळी अर्धी भाकरी दुधात. दुपारी काही नाही.' खाली यांच्या अक्षरात बेरीज. मी कार्डं होती तशी ठेवली. तरी संशय गेला नाही. फौजदारालाही आई असते, असं मी मनाशी म्हटलं.

प्रत्येक घरी ते तीन दिवस जात. पहिल्या दिवशी बायका पाहुणा आला म्हणून गोडधोड करतात, नाहीतर लेव्हीच्या धाकाने हात आखडतात. दुसऱ्या दिवशीही तेच, थोडं ओशाळून. तिसऱ्या दिवशी सोंग निभत नाही आणि घर नेहमीसारखं रांधतं. म्हणून तिसऱ्या दिवसाचं पीठ खरं, असं ते सांगत.

यादीत दर दहावं घर होतं आणि तो भूमिगत माणूस लपला होता नेमकं ते घर त्यात आलं. घरातली माणसं जत्रेला गेलीत असं मी ठोकून दिलं. "येईपर्यंत थांबतो," ते म्हणाले. मग न्यावंच लागलं.

त्या घरच्या कर्त्या बाईला सगळे आक्का म्हणत. थोरला मुलगा शेती बघायचा. धाकटा फौजेत, दोन वर्षांपासून लढाईवर. दोन सुना, दोन नातवंडं. म्हणजे घरात खाणारी तोंडं सहा. पहिल्या दिवशी आक्काने सहा जणांपुरतंच पीठ घेतलं, दुसऱ्या दिवशीही तेवढंच. सगळं बिनबोभाट चाललंय म्हणून मला हायसं वाटलं. ते पीठ कोणाच्या पोटाला कमी पडत होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्काने पीठ आणलं आणि तराजूत ते एका गड्याच्या जेवणाएवढं जास्त भरलं. त्यांनी बेरीज केली, थांबले, पुन्हा केली. आज कोणी पाहुणा आहे का, म्हणून विचारलं. आक्का न्हाई म्हणाली. शेतात काम जास्त आहे का? तर व्हय, लय हाय. ते पहिल्या दोन दिवसांच्या आकड्यांवर पेन्सिल फिरवत राहिले. मग मान वर न करता हळूच बोलले.

"आक्का, माझ्यामुळे एका माणसाला दोन दिवस उपाशी ठेवलंत."

आक्काचा हात पिठातच राहिला. थोरली सून चुलीपुढून उठून उभी राहिली. मी उंबऱ्यात पाय रोवून दार अडवलं. या माणसाला आता बाहेर पडू द्यायचं नाही, एवढंच मला कळत होतं. पुढे काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. "तुमचा धाकटा लढाईवर आहे ना?" त्यांनी विचारलं. आक्काने मान हलवली.

"तो रजेवर घरी आलाय, असं लिहितो. तरणा गडी, कामही जड. म्हणजे बेरीज जमते."

आणि त्यांनी तसं लिहिलं. आक्का त्या कागदाकडे बघत राहिली. तिला अक्षरओळख नव्हती.

"किती खाल्लं म्हनून लिवलंसा?"

"चार भाकरी. कोरड्यास. वर गुळाचा खडा."

"तेवढंच खातो त्यो," आक्का म्हणाली आणि पिठाच्या हातानेच तिने डोळे पुसले. मी दारातून बाजूला झालो. पंधरा दिवस ज्याला मी पोलिसांचा माणूस समजत होतो, त्याच्याकडे मला बघवेना.

पण खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचं पहिलं खोटं कच्चंच असतं. फौजेतल्या माणसाच्या रजेची कुठेतरी नोंद असते, हे त्यांना सुचलंच नाही. चार महिन्यांनी वरच्या साहेबाने कागद तपासले, त्या रजेची नोंद कुठेच सापडली नाही आणि मला साताऱ्याला बोलावणं आलं. क्यालरीसायेब आधीच टेबलापुढे उभे होते. आणखी वाळलेले दिसले.

साहेब म्हणाला, हा माणूस कबूल करतो की त्या घरी तो गेलाच नाही. कंटाळा आला म्हणून झाडाखाली बसून त्याने मनाने आकडे भरले. हे खरं आहे का?

मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात एक पावशेरसुद्धा मनाने न लिहिलेला हा माणूस. मी नाही म्हटलं असतं, तर ते पीठ मग कोणी खाल्लं, हा पुढचा प्रश्न होता. त्यांनी डोळ्यांनीच मला हो म्हणायला सांगितलं.

"खरं आहे, साहेब," मी म्हणालो.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो माणूस सुखरूप आहे का, एवढंच विचारलं. तो कधीच गावातून निघून गेला होता, तसं मी सांगितलं. "बरं झालं," म्हणाले, आणि आईला दूध द्यायची वेळ झाली म्हणून भराभर चालू लागले. त्यांची नोकरी त्याच टेबलापुढे गेली होती.

स्वातंत्र्य मिळाल्यावर माझा जबाब मागे घ्यायला मी मुद्दाम साताऱ्याला गेलो. आता खरं सांगायला कोणाची भीती नव्हती. कारकून म्हणाला, ते जुनं दप्तर बंद झालं, त्यात आता काही बदलता येणार नाही. क्यालरीसायेबांच्या बिऱ्हाडी गेलो तर तिथे दुसरीच माणसं राहत होती. आई वारली आणि ते गाव सोडून गेले, एवढं शेजाऱ्यांकडून कळलं. कुठे गेले ते कोणालाच सांगता येईना.

त्या दप्तरात त्यांच्या नावापुढे शेरा आहे : 'कामचुकार. खोटे आकडे भरतो.' आणि त्याखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.