एका लेव्हलचं घर

“थांबा, बघतो की,” असं म्हणून ते उठायचे आणि खरोखरच बघायचे. भिंतीवर तळहात ठेवायचे, बोटाच्या पेरानं दोनदा ठोकायचे आणि सांगायचे, “हितं ओल हाय. वरनं न्हाय, मागच्या बाजूनं येतीय.” त्यांची दोन्ही डोळ्यांची दृष्टी काचबिंदूनं जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याच्याशी बोलताना ‘बघणे’ हे क्रियापद टाळत असतो आणि तो मात्र दर दोन वाक्यांनी ते बिनधास्त वापरत असतो. मी सुरुवातीचा आठवडाभर फार जपून बोलत होते. मग एके दिवशी तेच म्हणाले, “इंजिनीअरबाई, नकाशा दाखवा की मला.” त्यांनी हात पुढे केला, त्यावर माझं बोट धरलं आणि म्हणाले, “हां, काढा हातावर.” त्यांच्या तळहातावर मी बोटानं त्यांच्या घराचा नवा नकाशा काढला.

सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं एका खोलीचं ऑफिस आहे. नवीन इमारती बांधणारे मोठे लोक वेगळे. माझ्याकडे येतात ते जुन्या घरांची डागडुजी करून घेणारे. शुक्रवार पेठेतलं हे कामही तसंच आलं. मुलगा एका गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर, सून शाळेत शिक्षिका आणि वडील म्हणजे हे. घरात तेलुगू चालायची, दारात मराठी. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही नानाच म्हणू लागले.

नानांनी आयुष्यभर चादरींच्या नक्षीचे पत्ते पाडले. मागावर चादर विणताना मोर कुठं उमटायचा आणि वेल कुठं वळायची, हे पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवरची भोकं ठरवतात. ती भोकं एकेक करून पाडायचं त्यांचं काम. नजर जायला लागली तरी शेवटची दोन वर्षं ते काम त्यांनी बोटांवर केलं, असं मुलगा सांगायचा. मालकाला पत्ताच नव्हता म्हणे.

घर त्यांनी जमेल तसं, तुकड्यातुकड्यानं बांधलं होतं. पुढची खोली शहाबादी फरशीची. तिथून एक पायरी खाली उतरलं की माजघर, तिथं जुन्या मोझॅकच्या फरश्या. मग एक पायरी वर स्वयंपाकघर. त्याच्या मागं पूर्वी दोन माग होते ती खोली, तिला सिमेंटचा खरबरीत कोबा. माझ्यासारखीला असं घर बघून पहिल्यांदा डोकं धरावंसं वाटतं. एकही खोली लगतच्या खोलीच्या पातळीला नाही, भिंतींना ओल, गिलाव्याचे पोपडे आणि संडास-बाथरूम अंगणापलीकडे.

नाना मात्र त्या घरात काठी वापरत नसत. काठी गल्लीसाठी. घरात ते हात मागे बांधून, एखाद्या मुख्याध्यापकासारखे फिरायचे.

काम सुरू झालं आणि ते रोज सकाळी पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसू लागले. आमचा गवंडी मिस्त्री मंगळवेढ्याकडचा, हाताचा चांगला पण जरा घाईचा. आधी घेतलेल्या नव्या बाथरूमच्या फरश्या बसवून झाल्या तेव्हा नाना काठी घेऊन आत गेले आणि एकेक फरशी वाजवत बसले. “ही भरीव. ही भरीव. ही पोकळ हाय.” पाच फरश्या मिस्त्रीला उपटून परत बसवाव्या लागल्या. तो माझ्यापाशी येऊन कुरकुरला, “बाई, डोळं असल्याली मान्सं परवडली. ह्ये आजोबा लई तरास देत्यात की.” पण दुसऱ्या दिवशी चहा आला तेव्हा त्यानं पहिला कप नानांच्या हातात दिला.

रंग ठरवतानाही तेच. मुलगा शेडकार्डावरची इंग्रजी नावं वाचत होता. एका निळ्याचं नाव होतं ‘ओशन मिस्ट’.

“म्हंजे काय?”

“समुद्रावरचं धुकं, नाना.”

“सोलापुरात कुटला समुद्र? मोरपंखी हाय का आकाशी, ते सांग.”

मुलगा कार्ड उजेडात धरून गोंधळून बघत राहिला. शेवटी सून म्हणाली, “नाना, आपल्या दाराला लावलेल्या जुन्या चादरीचा पदर होता ना, तो दहादा धुतल्यावर जसा झाला, तसा.”

“हां. मग चांगला हाय,” नाना म्हणाले. तो रंग पक्का झाला.

सुनेबद्दल सांगायला हवं. पुढं जे झालं त्यात लोकांनी तिला फार बोल लावले. घर एका पातळीत आणायचा आग्रह तिचाच होता, आणि तो सासऱ्यांसाठी होता. आदल्या वर्षी माजघराच्या पायरीवर तिचाच पाय घसरला होता, हातात उकळत्या दुधाचं पातेलं होतं. मनगटावरचा डाग तिनं मला दाखवला. “मी डोळस असून पडले, मॅडम. नाना पडले तर या वयात उठतील का? सगळं सपाट करा. बाकी काही नाही झालं तरी चालेल.” मला ते शंभर टक्के पटलं. म्हाताऱ्या माणसांच्या घरात पायऱ्या नकोत, हे तर आम्हाला शिकवतातच.

जुना गिलावा काढायला लागलो आणि धुळीनं नानांचा खोकला वाढला. काम संपेपर्यंत त्यांना मंगळवेढ्याला लेकीकडे पाठवायचं ठरलं. निघायच्या दिवशी रिक्षा दारात उभी असताना त्यांनी मला बाजूला बोलावलं.

“बाई, ती माजघरातली पायरी ऱ्हाऊ द्या.”

“नाना, आता कुठं ठेचच लागणार नाही. सगळं एका लेव्हलला येतंय.”

“मला कवा ठेच लागली?” ते हसले. “पायरी आली की कळतंय, माजघरात आलो म्हणून.”

“बरं, लक्षात ठेवते,” मी म्हणाले.

लक्षात मी ठेवलंही, संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी सुनेला विचारलं. तिनं नुसतं मनगट पुढे केलं. मी मिस्त्रीला म्हणाले, “फोड.” पायरी फोडायला त्याला अर्धा तास लागला.

दोन महिन्यांत घर उभं राहिलं. माझ्या हातून झालेल्या चांगल्या कामांत मी ते आजही धरते. पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एकसारखी, गुळगुळीत, मोठ्या आकाराची फरशी. पुढची खोली आणि माजघर यांमधली भिंत काढून मोकळी जागा. संडास-बाथरूम आत, तिथं धरायला स्टीलचे दांडे. आणि एक भिंत त्या दहादा धुतलेल्या चादरीची.

पूजेच्या दिवशी नाना परत आले. पाहुणे होते, गल्लीतली माणसं होती. त्यांनी उंबऱ्यावर चपला काढल्या, काठी नेहमीच्या कोपऱ्यात उभी केली, हात मागे बांधले आणि आत शिरले. सगळे कौतुकानं बघत होते. मीसुद्धा.

सहा पावलं ते नीट चालले. सातव्या पावलाला त्यांनी पाय जरा पुढे टाकून खाली सोडला. खाली काही नव्हतं, म्हणजे फरशीच होती, लगेच. पाय आपटला. त्यांनी तो उचलून परत थोडा पुढे टाकला. मग बाजूला. चार दिशांना त्यांचा अंगठा फरशीवरून फिरला आणि सगळीकडे तेच लागलं. त्यांनी मागचे हात सोडले आणि बाजूंना पसरले. पूर्वी तिथं भिंत होती. आता नव्हती.

“मी कुटं हाय?” ते हळूच म्हणाले.

कुणीतरी हसलं. “नाना, स्वतःच्या घरात हाय की!” लोकांना वाटलं, म्हातारा नव्या घराची थट्टा करतोय. नानाही हसले. मला मात्र तेव्हाच ती पायरी आठवली. मी पेढ्याचा डबा हातात धरून उभी होते.

पुढचे काही आठवडे आम्ही सगळं करून पाहिलं. प्रत्येक दाराशी काथ्याची पायपुसणी टाकली, तर एक सरकलं आणि ते पडले. हाड वाचलं, मनगट सुजलं. पायपुसणी गेली. मी फरशीत पितळेच्या पट्ट्या बसवल्या, पण त्या त्यांच्या तळव्यांना लागेनात. डॉक्टरांनी सांगितलं, रक्तातल्या साखरेमुळे तळव्यांची जाणीव कमी झाली आहे. उतरणारी पायरी कळत होती, खरबरीत कोबा कळत होता, पट्टी कळणार नाही. भिंतीच्या कडेनं दोरी बांधली. पण मधल्या मोकळ्या जागेत दोरीला भिंतच नव्हती.

शेवटी मुलगा म्हणाला, “फोडूया का परत? मॅडम, तुम्ही सांगा.”

मी काय सांगणार होते? पायरी बांधता आली असती. पण जुनी फरशी, काढलेली भिंत, कोबा, तिथला आवाज हे सगळं परत कुठून आणणार? नानाच बोलले, “नको. परत धूळ, परत मंगळवेढा. ऱ्हाऊ दे. शिकतो की मी.”

ते शिकले नाहीत. प्रयत्न केला नाही असं नाही. सून शाळेतून आली की त्यांचा हात धरून दारापासून स्वयंपाकघरापर्यंत नेऊन आणायची, तेलुगूत पावलं मोजत, पहिलीच्या पोरांना शिकवावं तसं. तिच्याबरोबर जमायचं. तिनं हात सोडला की मधेच थांबायचे.

मग ते बाहेर बसू लागले. गल्ली त्यांना माहीत होती. तिथला एकही खड्डा कुणी बुजवला नव्हता. सकाळी चहा घेऊन काठी टेकत निघायचे, समोरच्यांच्या कट्ट्यावर बसायचे, जेवायला घरी आणि परत कट्ट्यावर. आणि गल्लीत बोलणं सुरू झालं. नवीन घर केलं आणि म्हाताऱ्याला बाहेर काढलं.

सून एकदा माझ्या ऑफिसात आली. शाळेची बॅग खांद्यावरच होती. “मॅडम, तुम्ही एकदा येऊन सांगा ना लोकांना. मी त्यांच्यासाठीच केलं हो. तुम्हाला माहीत आहे ना?” ती माझ्या टेबलावर कपाळ टेकून रडली. मी तिला पाणी दिलं. कुणाकुणाच्या दारात जाऊन मी काय सांगणार होते? आणि नानांनी ती पायरी माझ्याकडे मागितली होती, हे मी तिलासुद्धा आजवर सांगितलेलं नाही.

नाना त्या वर्षीच्या उन्हाळ्याअखेरीस गेले. झोपेत, शांतपणे, असं मुलानं फोनवर सांगितलं.

त्याआधी एकदा ते मला दिसले होते. एप्रिल होता. सोलापूरची दुपार तुम्हाला ठाऊक आहे, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. मी शेजारच्या गल्लीतल्या एका घराची मापं घेऊन चालत येत होते. नाना कट्ट्यावर होते, भिंतीच्या हातभर सावलीत अंग चोरून. त्यांच्या समोर, दहा पावलांवर, त्यांचं घर होतं. दार उघडं होतं आणि आतली फरशी पाण्यासारखी चकाकत होती.

मी थबकले. चपलांचा आवाज थांबला तसा त्यांनी चेहरा वर केला.

“कोण हाय?”

पुढे जाववेना आणि मागेही फिरता येईना.

त्यांनी क्षणभर वाट पाहिली. मग काठी मांडीवर घेतली आणि सरकून कट्ट्यावर जागा केली. “या की. ऊन लई हाय. हितं सावली हाय जराशी.”

मी जाऊन बसले. त्यांनी पुन्हा नाव विचारलं नाही. ऊन सरकत सरकत आधी माझ्या पायांवर आलं, मग गुडघ्यांवर. ते मान खाली घालून, ओठ हलवत, तेलुगूत, बोटांवर सातपर्यंत मोजून परत एकापासून मोजत बसले होते.