तुपाच्या शाईची पोथी

माझ्या आजोबांनी अख्ख्या पंचवटीला तुपाच्या वासावर फसवलं.

आणि पंचवटी फसायला टपलेलीच होती.

आज द्वारकाआत्याला जाऊन बरीच वर्षं झाली. बरोबर आजच्याच दिवशी गेली ती. आणि आज सकाळीच फॅमिली ग्रुपवर चुलतभावाने आजोबांच्या छापखान्यातल्या एका पोथीच्या पहिल्या पानाचा फोटो टाकलाय.

"आपल्या पूर्वजांची शुद्ध तुपाच्या शाईतली पोथी! अभिमान!!"

खाली हात जोडणाऱ्यांची ही रांग.

त्यांच्याशी डोकं लावण्यात अर्थ नाही. तुम्हाला सांगतो.

गोष्ट १९३०च्या दशकातली. नाशिकला मेन रोडच्या मागे आजोबांचा छापखाना. हाताचा प्रेस होता तोवर पोथ्यांची शाई खरंच तुपात घोटायचे. बाजारच्या शाईत चरबी असते, ती देवापुढे चालत नाही, असं गुरुजी मंडळींचं म्हणणं.

मग आजोबांनी विजेवरचं मशीन आणलं. त्याला मुंबईची डब्यातली शाई. दिवसभराचं काम तासाभरात. माल थेट चांदवड-सटाण्यापर्यंत जायला लागला.

पहिल्या पानावरची ओळ मात्र तीच : "शुद्ध तुपाच्या शाईने सोवळ्यात छापली."

पुरावा म्हणून प्रत्येक गठ्ठ्याच्या फडक्याला तुपाचं बोट. ते काम आत्याकडे.

आत्या तेव्हा विशीची. लहानपणीच विधवा झालेली, लाल आलवणातली. पूजेत, मंगलकार्यात समोर यायची बंदी. पण कंपोझिटर कमी पडले म्हणून आजोबांनी तिला छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवायला बसवलं, आणि ती सगळ्यांना भारी निघाली.

मला म्हणायची, "खिळ्यांसमोर बसले ना, की मी कुणाची विधवा नसायचे रे."

एक दिवस पंचवटीतले एक बडे गुरुजी आले. गठ्ठा उचलून नाकाशी धरला. खूश.

"काय गं, शाई तूच घोटतेस ना? तुपातच ना?"

आजोबा घाईघाईने म्हणाले, "हो हो, तीच. सोवळ्यात."

आत्या म्हणाली, "गुरुजी, घरात तूप पोळीला पुरत नाही, शाईला कुठून आणू? डब्यातली आहे."

झालं.

गुरुजींनी डोळे मिटले. उघडले. म्हणाले, "मी काही ऐकलं नाही. दोनशे बांधा."

हे आमचे धर्मरक्षक!

ते गेल्यावर आजोबा म्हणाले, "द्वारके, उद्यापासून खिळ्यांना हात लावायचा नाही. तूप लावायचं, बास."

खरं बोलली म्हणून तिचं काम गेलं.

त्याच दुपारी सगळे जेवायला बसले. आत्याचं पान नेहमी शेवटी, म्हणून छापखान्यात ती एकटीच. पोथीचं पहिलं पान कायम जुळवून ठेवलेलं असायचं, ते परत कोणी तपासायचं नाही. तिने तुपाची ओळ उपसली आणि तिथे दुसरी बसवली.

मशीनने हजार प्रती काढल्या. गुरुजींच्या दोनशेही त्यातल्याच. पूजा झाल्या, दक्षिणा झाल्या. एक तक्रार नाही.

मी विचारलं होतं, "कोणालाच कसं कळलं नाही गं?"

"वाचलं असतं तर बाटले असते. वास घेऊन ठेवून दिली, म्हणून सोवळे राहिले."

ओळ काय होती ते मात्र कधी सांगितलं नाही. "पोथी सापडली तर वाच," एवढंच.

खिळ्यांना तिने पुन्हा हात लावला नाही. लावू दिला नाही. ती तिची शेवटची ओळ.

सकाळच्या फोटोवर नमस्कार ठोकणाऱ्यांपैकी एकानेही तो झूम केला नाही. मी केला.

पानाच्या तळाशी, स्वच्छ, सरळ :

"यंत्रावर, डब्यातल्या शाईने छापली. जुळणी : द्वारका."

जिला पूजेत समोर बसू देत नव्हते, तिचं नाव हजार घरांत चौरंगावर होतं.

आत्या, तुझी ओळ आज एकाने वाचली गं.

नमस्कार.